बाहेरचं खाणं आत चालत नाही

दर मे महिन्यात एक दिवस मी त्या पार्कात घालवतो आणि संध्याकाळी परत येताना दर वर्षी ठरवतो, की आता पुरे, पुन्हा इकडं फिरकायचं नाही. पार्कचं नाव सांगत नाही. आमच्या कोल्हारपासून गाडीनं तासभर लागतो आणि शेवटी डांबरी रस्ता सोडून माळावर आत वळावं लागतं, एवढं पुरे. नाव छापून त्यांची फुकट जाहिरात करायची माझी अजिबात इच्छा नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. त्यामुळे असेल किंवा मूळचाच खोट काढणारा स्वभाव असेल, मला कुठंही गेलं की आधी रंगाचे पोपडे दिसतात. बायको म्हणते, तुम्हाला स्वर्गात नेलं तरी तुम्ही आधी दाराचा रंग नखानं खरवडून बघाल. बघेन की. दोन हात दिलेत की एकच, हे कळायला नको का?

तर असा माणूस इतकी वर्षं त्या पार्कात कशाला जात होता, असं कुणीही विचारेल. त्याचं कारण पार्क नव्हतं. कारण माझी बहीण होती.

बहीण माझ्याहून धाकटी. तिला दिली राजूरला, अकोले सोडून पुढं, डोंगरात. तिच्या मुलखातून प्रवरा खाली उतरते आणि अकोले, संगमनेर करत आमच्या घाटाला येऊन लागते. आई म्हणायची, लेकीकडचं पाणी रोज आपल्याकडं येतंय, लेक तेवढी वर्षातनं एकदा येती. पण ती एकदा नक्की यायची. मे महिन्यात, दोन्ही पोरांना घेऊन, एका हातात राजूरच्या पेढ्यांचा पुडा आणि दुसऱ्या हातात तिकडच्या तांदळाची पिशवी. आल्या आल्या पाय धुवायची, पदर खोचायची आणि स्वयंपाकघरात आईशेजारी जाऊन बसायची. मग दोघींच्या कुरडया, पापड, शेवया. गच्चीवर जुनी लुगडी अंथरलेली असायची आणि आम्हा पुरुषांना वर यायला बंदी. तिथं दोघी काय एवढं बोलत असत कोण जाणे, पण जिन्यातून हसण्याचा आवाज खाली यायचा.

आई गेली. त्यानंतरच्या मे महिन्यात मी बहिणीला फोन केला, कधी येतेस म्हणून. ती म्हणाली, "यंदा ऱ्हाऊ दे दादा. आई न्हाई, येऊन काय करू?"

मी घाबरलो. खरंच घाबरलो. आमच्या घरात मी हे पाहिलेलं होतं. माझ्या दोन आत्या. आजी होती तोवर त्या महिनामहिना राहायच्या. आजी गेली आणि त्यांचं माहेर आधी दोन दिवसांचं झालं, मग लग्नाकार्यापुरतं, मग नुसतं राखीचं पाकीट टपालानं यायला लागलं. भांडण नाही, तंटा नाही, काही नाही. नुसत्या पुसट होत गेल्या. बहिणीचं तसं व्हायला मला नको होतं.

तेव्हा ते पार्क नुकतंच उघडलं होतं. मी बहिणीला म्हटलं, भाच्याला फोन दे. त्याला सांगितलं, की इकडं एक असं ठिकाण झालंय, जिथं समुद्रासारख्या लाटा येतात, डायनासोर ओरडतो आणि आगगाडी बोगद्यातून जाते. पुढचं काम पोरांनी केलं. त्यांनी आईला इतकं भंडावून सोडलं, की आठवड्यात बहीण पोरांसकट आमच्या दारात हजर. भाच्यांनी मामाला लुटायचं असतं, ती रीतच आहे. मी खुशीनं लुटून घेतलं.

पहिल्या वर्षी पार्क खरोखरच चांगलं होतं, हे मी कबूल करतो. दारात प्लास्टरचे दोन हत्ती, त्यांच्या सोंडेतून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर पाण्याचा फवारा. रंगकाम ज्यानं केलं होतं त्याला हत्ती माहीत होता, नुसता करडा फासलेला नव्हता, कानामागं किंचित तांबूस छटा होती. तिकिटातच जेवण होतं. पिठलं, भाकरी, मठ्ठा, वर जिलेबी, आणि वाढणारा माणूस आग्रह करायचा. बोगद्यात डायनासोर असा काही ओरडला, की भाचीनं माझ्या गळ्याला मिठी मारली आणि बाहेर आल्यावरही ती सोडीना. बहीण हसली. आई गेल्यावर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं ते तिथं.

म्हणून मग दर वर्षी पार्क. बहिणीला फोन करताना आता तोच विषय. "पार्कला जायचं ना?" असं विचारलं की येण्याचं आपोआप ठरून जायचं, तू माहेरी ये असं निराळं म्हणावं लागत नसे. आणि खरं सांगायचं तर आमच्याकडं भाऊ बहिणीला असं काही तोंडानं म्हणत नाही.

पुढं ते पार्क बिघडत गेलं. आधी तिकिटातलं जेवण गेलं आणि तिकीट मात्र वाढलं. मग पाण्यात उतरायला त्यांचेच कपडे भाड्यानं घ्यायची सक्ती आली. ते नायलॉनचे कपडे अंगाला असे चिकटायचे आणि त्यांना असा काही वास यायचा, की पाण्यात उतरण्याआधीच आंघोळ करावीशी वाटे. वर त्यांचं डिपॉझिट, आपले कपडे ठेवायला कपाट, कपाटाच्या किल्लीचं वेगळं डिपॉझिट. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. नंतर रविवारचा दर निराळा झाला. मग निळ्या पट्टीची टूम निघाली. जास्तीचे पैसे भरून मनगटाला निळी पट्टी बांधली की रांगेत उभं राहायला नको. म्हणजे आधी रांग लांब करायची आणि मग रांग चुकवायचे पैसे घ्यायचे. आम्ही लाल पट्टीवाले. निळ्या पट्टीची माणसं आमच्या अंगावरून पुढं जायची आणि आम्ही तापलेल्या फरशीवर एकदा हा पाय, एकदा तो पाय करत उभे.

हत्तींच्या सोंडा कधी बंद पडल्या ते लक्षात नाही. एकाची तर मोडलीच, आतली गंजलेली सळई बाहेर आली, तिला कुणीतरी फडकं गुंडाळून ठेवलं. डायनासोरचा आवाज गेला. तो अजून तोंड उघडतो, मिटतो, पण दाढ दुखत असल्यासारखा, गप्प. मागं एकदा त्याला नवा रंग दिला होता, गुलाबी. गेटला दिलेला उरला असणार. लाटांचा भोंगा मात्र अजून वाजतो. भोंगा वाजतो, सगळे लगबगीनं पाण्यात उतरतात आणि गुडघाभर पाणी थोडं डुचमळून स्वस्थ होतं. झुल्यांपुढं 'काम चालू आहे' अशा पाट्या. काम करताना कुणी दिसलं असेल तर शपथ.

मी चिडायचो. तिकीटवाल्याशी भांडायचो, साहेबांना बोलवा म्हणायचो. साहेब कधीच नसायचे. घरी येताना गाडीत सगळे गप्प असायचे, डोळे लाल झालेले, आणि मी मनात म्हणायचो, जाऊ दे, बहीण आली ना. ही माझी दर वर्षीची समजूत.

यंदा फोन केला तेव्हा नेहमीप्रमाणे विचारलं, "पार्कला जायचं ना?" पलीकडं जरा शांतता झाली. भाचा आता संगमनेरला कॉलेजात आहे, ओठावर मिशी आलीय. भाचीनं दहावी दिली. मग बहीण म्हणाली, "जाऊ की." ती शांतता मला ऐकू आली होती, पण मी ती ऐकली नाही असं केलं.

ती आली. पेढे, तांदूळ, सगळं नेहमीसारखं. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे जास्तीचा दर. बायको पहाटे उठली आणि तिनं दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी असा डबा बांधून दिला. बाहेरचं खाणं आत चालत नाही हा नियम येऊन बरीच वर्षं झाली, पण बायकोनं डबा काही सोडला नाही. माणूस गावाला निघाला की त्याच्या हातात काहीतरी असलंच पाहिजे, असं तिचं म्हणणं. तिचे गुडघे दुखतात म्हणून हल्ली ती येत नाही, डबा येतो. आम्ही तो पार्काच्या आवारातल्या झाडाखाली गाडी लावून गाडीतच खायचो आणि मग आत जायचो. यंदा झाडाखाली गाड्या लावायला दोऱ्या बांधून मनाई केलेली. पार्किंग लांब, उन्हात, आणि त्याचीही पावती. गाडीत बसणं शक्य नव्हतं. बहिणीनं डब्याची पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, "चला, बघू आत जाऊन."

तिकिटं काढली, पट्ट्या बांधल्या. पोरं पुढं गेली, त्यांच्यामागं मी. मागं बहिणीची पिशवी तपासायला एक रखवालदार बाई होती. तिनं डबा वर काढला, झाकण उघडलं आणि म्हणाली, "हे चालत न्हाई ताई. गाडीत ठिवा न्हाईतर तिकडं टाका." तिकडं म्हणजे पिंपात. पिंप आधीच भरलेलं होतं. वर कुणाच्या तरी पोळ्या होत्या, त्यांवर माश्या.

बहीण पिंपाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "वहिनी पहाटं उठून करत्यात. ते मी हितं टाकू?"

"मी तरी काय करू? मलाबी नोकरी हाय," बाई म्हणाली. तिचंही खरं होतं.

मी मधे पडलो. तिकीटवाल्याकडं गेलो, आवाज चढवला, पैसे परत मागितले. तिकिटावर बारीक अक्षरात छापलेलं असतं, पैसे परत मिळणार नाहीत. साहेबांना बोलवा म्हटलं. साहेब नव्हते. माझ्या मागं रांगेतली माणसं कुरकुरायला लागली. बहीण शांतपणे म्हणाली, "दादा, तमाशा नगं करू. तू पोरांसंगं जा. मी बसते भाईर."

पोरांना मी आत घालवलं. मला दारातली बाई म्हणाली, "आता भाईर गेलात तर पुन्यांदा आत येता यायचं न्हाई, सांगून ठिवते." मी म्हटलं, "नका येऊ देऊ." आणि बाहेर आलो. इतक्या वर्षांत त्या दारातून बाहेर पडताना मला एवढं मोकळं कधी वाटलं नव्हतं.

बाहेर रस्त्याच्या कडेला एक रसवंती होती, वर शेडनेट, पुढं दोन बाक. शेजारी लिंबाचं झाड. आम्ही रस घेतला आणि बसलो. आत भोंगा वाजला, लोकांचा ओरडा ऐकू आला आणि लगेच विरला. बहिणीनं डबा मांडीवर ठेवला होता आणि त्यावर दोन्ही हात.

मी पार्काला शिव्या घालायला सुरुवात केली. हत्ती, डायनासोर, निळ्या पट्ट्या, सगळं काढलं. ती ऐकत होती. मग एकदम म्हणाली, "तुला एवढं आवडत न्हाई, तर का आणतोस रं आमाला दर साली?"

"अगं, तुमच्यासाठी."

"आमाला कुठं आवडतं? पोरं दोन-तीन सालं झाली म्हणत्यात, आता बास. मीच म्हणते, मामाला वाईट वाटंल, चला."

मी हसलो. मला वाटलं, बघा काय गंमत, दोन्ही बाजूंनी नुसता मुलाहिजा. पण ती हसत नव्हती.

"दादा, एक इचारू? रागवू नगंस." ती डब्याचं झाकण बोटानं घासत होती. "मी घरात असले की वहिनीला अडचन हुती का?"

"कोण म्हणलं?"

"कुनी न्हाई म्हणलं. मी आले की पयल्या दिवशी पावनचार. दुसऱ्या दिवशी पार्क. तिसऱ्या दिवशी समदे दमलेले, चौथ्या दिवशी साडी, वटी आणि यष्टी. वहिनी मला पानी सुदिक हातात आनून देत्यात. ओट्याकडं गेले की म्हणत्यात, बसा तुमी, बसा. घर बांदलं तुमी, ओटा नवा केला. मी आजून त्यातला एक डबा उघडला न्हाई." मग जरा थांबून म्हणाली, "पाव्हण्याला समदं फिरवून दाखवत्यात, दादा. लेकीला कुनी फिरवत न्हाई. ती घरात ऱ्हाती."

माझी बायको केडगावची. तिच्या माहेरी नणंद आली की तिनं काडी हलवायची नाही, अशी शिस्त. हलवली तर सुनेला बोल. लग्न झाल्यापासून बायको ती शिस्त पाळत होती. आई होती तोवर तिची काही मात्रा चालत नव्हती, कारण आई लेकीला सरळ हाक मारून कामाला लावायची. आई गेली आणि मान सुरू झाला. मी तो रोज बघत होतो आणि मला वाटायचं, काय छान करते ही माझ्या बहिणीचं.

"यंदाचं शेवटचं म्हणून आल्ते," बहीण म्हणाली. "पोरगी अकरावीला नाशकाला चाललीय. पोरगा आधीच भाईर. आता पोरांचं निमित्तबी न्हाई. मंग कशाला कुनाला घोर?"

म्हणजे ज्या गोष्टीला मी इतकी वर्षं भीत होतो, ती माझ्या शेजारी बाकावर बसली होती. आणि ती तिथवर मीच दरसाल तिकिटं काढून आणली होती.

"अगं, तू येनार न्हाईस म्हणून काढलं हुतं गं हे पार्कचं," मी म्हटलं. "तू म्हणलीस, आई न्हाई, येऊन काय करू. आत्यांसारखं तुझंबी हुईल म्हणून भ्यालो मी. पोरांना लालूच दाखवली. मला ते डायनासोर आन् बियनासोर कशाला पायजेत?"

मग तिनं पदर डोळ्यांना लावला. "येड्या," म्हणाली, "मला नुसतं ये म्हणायचं हुतं."

रसवंतीवाल्यानं न विचारता पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि मागं फिरला. मी फार थकलो होतो, त्या एका दिवसानं नाही, सगळ्याच वर्षांनी.

पोरं लवकरच बाहेर आली. भाचीचा गुडघा घसरगुंडीच्या उघड्या सांध्यानं सोलून निघाला होता. भाचा म्हणाला, "मामा, लाटांचं मशीन बंद पडलं. नुसता भोंगा वाजवतायत." आम्ही लिंबाखाली पिशवी पसरून दशम्या खाल्ल्या. ठेचा झणझणीत होता. पार्कमधून बाहेर पडणारी माणसं आमच्या डब्याकडं बघत जात होती.

घरी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. बायको पाणी घेऊन पुढं आली. बहीण पेला न घेता सरळ मोरीकडं पाय धुवायला गेली आणि येताना तिला ओट्याखाली झाकून ठेवलेलं पातेलं दिसलं. तिनं ताट सरकवून पाहिलं. गहू भिजत घातलेले होते.

"वहिनी, कुरडयांचे गहू?"

बायको ओशाळली. "हो. कालच भिजवलेत. म्हटलं, तुम्ही गेलात की परवा घालू कुरडया. पाहुण्या माणसाला कशाला त्या चिकाच्या खटाटोपात..." आणि ती मधेच थांबली, कारण बहिणीचा चेहरा तिला दिसला असावा.

मी बाहेरच्या खोलीत होतो. मनगटावरची लाल पट्टी निघत नव्हती, ती कापूनच काढावी लागते. मला उठून आत जावंसं वाटत होतं, बायकोला सगळं समजावून सांगावंसं वाटत होतं. पण मी उठलो नाही. पुरुषानं मधे तोंड घातलं की अशा गोष्टी हमखास बिघडतात, एवढं मला आता कळलं होतं.

आतून पातेल्यावर ताट परत सरकवल्याचा आवाज आला. मग बहीण म्हणाली, "आई असती तर म्हणली असती, यष्टी काय पळून जाती का. परवाच्याला चीक निगंल. तवर मी हाय."

"रहा की ताई," बायको म्हणाली. तिचा आवाज मला कधी नव्हे तो अगदी लहान वाटला. "मला एकटीला तो चीक कधी जमतच नाही. दर वर्षी गुठळ्या होतात. तुम्हाला कसं सांगायचं, म्हणून..."

"सरका जरा," बहीण म्हणाली. गॅस पेटल्याचा आवाज आला. भात टाकत असावी, तिनंच आणलेल्या तांदळाचा. एक खण उघडला, मिटला. दुसरा उघडला, मिटला. मग तिसरा. त्याच जागेवरच्या जुन्या घरात ती रांगली होती, चालायला शिकली होती, पहिली भाकरी तिनं तिथंच थापली होती.

"वहिनी," आतून तिचा आवाज आला, "मीठ कुठं ठेवता वं तुमी?"